नदीतील मासा व गळ टाकणाऱ्याचे नियम

नदीकाठी ज्यांची शेते आहेत अशा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस लहानपणापासून गळ टाकण्याचा छंद असेल. शेतीची कामे उरकल्यावर डोहाकाठी दोन घटका बसावे व कालवणापुरते मासे घरी आणावे, यात वावगे काही नाही. परंतु ज्या डोहांत पूर्वी हातभर मासा सहज लागे, त्यांपैकी पुष्कळ डोहांत आज बोटाएवढी मासळीच उरली आहे. धरणे आणि शहरांचे सांडपाणी ही याची मोठी कारणे होत, व त्यांचा इलाज एकट्या शेतकऱ्याच्या हाती नाही. मासे धरण्याची रीत मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. म्हणून तिजविषयी येथे चार शब्द लिहीत आहोत.

उदाहरणादाखल दख्खनच्या नद्यांतील खडशी हा मासा घेऊ. महासीर म्हणतात तो याच कुळातील. कर्नल साइक्स यांनी 1839 साली मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या मराठी नावावरूनच त्यास 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिले. यास स्वच्छ, वाहते पाणी व खडकाळ तळ लागतो. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो व गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने याची अंडी फार थोडी असतात आणि मासा वाढण्यास वर्षे लागतात. म्हणून अंड्यावरची एक मादी मारली म्हणजे पुढील कित्येक हंगामांचे पीक बुडाले असे समजावे. बियाण्याची कणगी फोडून खाणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. तोच न्याय नदीसही लागू आहे.

यावरून निघणारे नियम असे :

1. मृगाचा पाऊस पडून ओढ्यांस पहिला पूर आला की चढणीचे मासे वर येतात. त्यांची पोटे अंड्यांनी भरलेली असतात. या वेळी ओढ्याच्या मुखाशी जाळी किंवा बांबूचे सापळे लावू नयेत. श्रावण संपेपर्यंत गळही खुंटीस टांगून ठेवावा हे उत्तम.

2. लहान मासा लागल्यास परत सोडावा. त्यास ओल्या हाताने धरावे. कोरड्या हाताने अंगावरील बुळबुळीत थर निघून रोग जडतो. गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकल्यास मासा इजा न होता सुटतो. कासव लागल्यास तेही जपून सोडावे. आपल्या नद्यांतील पुष्कळ जातींच्या कासवांस 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

3. पात्राची पूर्ण रुंदी जाळ्याने अडवू नये, व ज्यातून पिल्लूही निसटत नाही असे बारीक जाळे वापरू नये.

4. विहिरीच्या कामाची सुरुंगाची कांडी, रामेठ्याची साल, गेळफळ, पिकावरील कीटकनाशक किंवा पंपाची विजेची तार यांपैकी काहीही मासे मारण्यासाठी पाण्यात घालू नये. सुरुंगाने मेलेले पुष्कळ मासे तळाशी जाऊन कुजतात. हाती लागतो तो थोडा भाग, आणि अंडी व पिल्ले मात्र साफ नष्ट होतात. विषारी पाणी खाली आपल्याच गुरांच्या पोटात जाते. विजेच्या तारेने तर माणसेही मरतात. सुरुंग व विष यांस 1897 च्या मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती; त्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. पुढे महाराष्ट्राने 1960 साली स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला.

5. काठची जमीन आपली म्हणून नदीही आपली, असा समज काहींचा असतो. तो चुकीचा आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे नदीचे पात्र सरकारचे आहे. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचा ठेका पुष्कळ ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांस दिलेला असतो. तेथे संस्थेच्या परवानगीवाचून गळ टाकू नये. आपला तो विरंगुळा आहे, भोई बांधवांची ती भाकरी आहे.

6. शेततळ्यात परका मांगूर पाळू नये. त्यास सरकारची बंदी आहे. तळे भरून वाहिले की तो ओढ्यात उतरतो व देशी मासळी फस्त करतो. चिलापी 1952 साली या देशात आणली गेली, व आज ती कोठे कोठे पसरली आहे हे आपण पाहतोच.

हे नियम पाळणे अशक्य आहे काय ? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील मासे देवीचे मानून कोणी धरीत नाही. उलट भाविक त्यांस खाऊ घालतात, आणि मोठमोठे महासीर तेथे निर्भयपणे फिरताना दिसतात. कोणाचा पहारा नसता केवळ गावाच्या निश्चयाने हे साधले आहे. लोणावळ्यास वळवणच्या तलावाजवळ टाटांच्या वीज कंपनीने कित्येक वर्षे महासीराची पिल्ले तयार केली आहेत. परंतु सोडलेले पिल्लू जगावयाचे तर त्यास सुरक्षित डोह हवा, आणि तो काठच्या गावानेच दिला पाहिजे.

म्हणून आमची सूचना इतकीच की, प्रत्येक नदीकाठच्या गावाने ग्रामसभेत ठराव करून आपल्या हद्दीतील एक खोल डोह बारमाही राखून ठेवावा. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा जी मासळी त्या डोहात तगते, तीच पुढल्या सालचे बी होय. बी राखणे हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही.