ओळख-क्रमांकाची घडण

शाळेत नवे प्रवेश झाले की विद्यार्थ्यांची माहिती भरताना शिक्षकांना बारा अंकी आधार क्रमांक उतरून घ्यावे लागतात. मुलांच्या वहीतील हातच्याची चूक जो शिक्षक तत्काळ हेरतो, त्याच्याही हातून अशा वेळी ३८ च्या जागी ८३ लिहिले जाते. मुलाचे नाव वा गाव ठाऊक नसताना, केवळ अंकांवरून ही चूक ओळखता येते. ती कशी, हे समजण्यासाठी अशा क्रमांकांची घडण पाहिली पाहिजे.

या प्रकारच्या जुन्या क्रमांकांपैकी एक स्वीडन देशाचा होय. तो १९४७ साली सुरू झाला. त्यात प्रथम जन्माचे वर्ष, महिना व दिवस यांचे सहा अंक येतात. त्यापुढे तीन अंकी जन्म-अनुक्रम. ही संख्या विषम असल्यास व्यक्ती पुरुष व सम असल्यास स्त्री समजावी. अखेरचा दहावा अंक १९६७ साली जोडला गेला. तो व्यक्तीविषयी काहीच सांगत नाही. मागील नऊ अंकांवर पहारा करणे एवढेच त्याचे काम. त्यास तपासणी अंक म्हणता येईल.

तो काढण्याची रीत चौथीच्या मुलासही जमेल. उदाहरणादाखल ८११२१८९८७ हे नऊ अंक घ्यावेत. डावीकडून त्यांस क्रमाने २, १, २, १ असे गुणावे. गुणाकार दोन अंकी आल्यास त्याच्या अंकांची बेरीज धरावी. येथे ७, १, २, २, २, ८, ९, ८ व ५ मिळतात. बेरीज ४४. पुढचे पूर्ण दशक ५० असल्याने दहावा अंक ६. आता कोणी ९८ ऐवजी ८९ लिहिले तर तपासणी अंकासह बेरीज ४९ होते, शेवटी शून्य येत नाही आणि चूक उघडी पडते. मात्र या रीतीत एक फट आहे. शेजारच्या ० आणि ९ यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. मुलांकडून हे फळ्यावर करवून घ्यावे. फट त्यांनाच सापडू द्यावी.

ज्या क्रमांकात जन्मतारीख गुंफलेली असते, तो तारीख दुरुस्त झाली की बदलावा लागतो. आपल्याकडे हे किती जड गेले असते! जुन्या शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्या चाळाव्यात. जन्माची नोंद नसलेल्या कितीतरी मुलांच्या नावापुढे १ जून हीच तारीख आढळेल. स्वीडनच्या पद्धतीत एका दिवसाच्या वाट्याला पुरुषांचे फार तर पाचशे क्रमांक येतात. १ जूनला जन्मलेल्यांची आपली गर्दी त्यात मावली नसती.

भारताने निराळी वाट धरली. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे हा क्रमांक यादृच्छिक असतो. त्यात जन्मतारीख, जात, धर्म वा जिल्हा यांची कोणतीही खूण नसते, आणि एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या कोणास देता येत नाही. पहिला अंक ० किंवा १ नसतो. बारावा अंक तपासणीचा. म्हणजे मोकळे अकरा अंक उरतात, व त्यांतून आठ हजार कोटी क्रमांक घडू शकतात.

हा बारावा अंक याकोबस फेरहुफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेल्या रीतीने काढतात. तीत साधी बेरीज नाही. तिचे मर्म दाखवण्यास पुठ्ठ्याचा एक नियमित पंचकोन पुरे. तो पाच प्रकारे फिरवून व पाच प्रकारे उलटून आपल्याच जागी बसवता येतो. या दहा क्रिया म्हणजेच जणू दहा अंक. आधी फिरवून मग उलटला आणि आधी उलटून मग फिरवला, तर कोपरे निरनिराळ्या ठिकाणी येतात. बेरजेत क्रमाला किंमत नसते, येथे असते. शिवाय स्थानपरत्वे प्रत्येक अंक ठरावीक नियमाने बदलून घेतात. त्यामुळे एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल या रीतीतून सुटत नाही. ० व ९ यांचीही नाही.

तथापि पहारेकऱ्याची नजर अंकांपुरतीच असते. धाकट्या बहिणीच्या नावापुढे थोरल्या भावाचा क्रमांक लिहिला गेला तर तपासणी अंक मुळीच तक्रार करणार नाही, कारण तो क्रमांक खराच आहे. मुलीची शिष्यवृत्ती अडते ती बहुधा अशा चुकीने, आणि ती का अडली हे तिच्या आईबापांना कळतही नाही. म्हणून क्रमांक उतरल्यावर दुसऱ्या सहकाऱ्याने तो कार्डावरून मोठ्याने वाचावा, परंतु अंकांच्या आधी नाव वाचावे. भावंडे एकाच शाळेत असतील तेथे दोन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहावीत.

कार्ड नाही म्हणून मुलास परत पाठवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नाकारली आहे, व आधार नाही एवढ्यावरून कोणत्याही बालकास योजनेचा लाभ नाकारू नये असेही म्हटले आहे. वर्गात वरील गणिते घेताना मुलांचे खरे क्रमांक फळ्यावर लिहू नयेत. मनाने रचलेले अंक त्या कामास पुरेसे आहेत.