आयसिंग शिकायचंय? आधी फ्रिजचा कप्पा रिकामा कर

नोझलचा तो भलामोठा डबा अजून घेतला नसशील तर घेऊ नकोस गं. सुरुवातीला चार पुरतात: 1एम ही उघडी चांदणी, एक बारीक गोल, 104 पाकळीची आणि 352 पानाची. बाकीची डब्यातच राहतात. वाचलेल्या पैशांत टर्नटेबल घे आणि फ्रिजचा एक अख्खा कप्पा रिकामा कर. आयसिंग म्हणजे हातातली कला, असं सगळे सांगतात. मी म्हणते, आपल्या हवेत ते आधी गारव्याचं काम आहे. हात सवयीने वळतो. वितळलेलं क्रीम कुणाचंच ऐकत नाही.

केक आदल्या दिवशी भाजून ठेव. पूर्ण निवला की क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गार केक कापताना चुरा कमी पडतो. वर आलेला फुगवटा दातेरी सुरीने सपाट कर. तो कापलेला तुकडा घरात कुणीतरी खातंच.

आता क्रीम. पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटत बसू नकोस. त्यात स्निग्धांश साधारण 25 टक्के असतो आणि क्रीम फुलून उभं राहायला निदान 30 ते 35 टक्के लागतो. कितीही फेटलंस तरी ते पातळच राहणार. केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम गोठलेलं मिळतं. ते ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सुटू दे. भांडं आणि बीटरची पाती गार कर, भांड्याखाली बर्फाचं पातेलं ठेव आणि मध्यम वेगाने फेट. पाती उचलल्यावर शेंडा किंचित वाकला की केकभर लावायला ते तयार. शेंडा ताठ उभा राहिला की फुलांसाठी तयार. त्यापुढे गेलं की रवाळ होतं. झालंच तसं, तर दोन-तीन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हलक्या हाताने कालव, बहुधा सावरतं.

बटरक्रीम करायचं तर बटर बिनमिठाचं घे. 100 ग्रॅमला 200 ग्रॅम आयसिंग शुगर, तीही मैद्याच्या चाळणीने चाळून, नाहीतर एक गुठळी नोझलमध्ये अडकते आणि पिशवी फुटते. बोट दाबल्यावर खळगा पडावा पण बोट आत रुतू नये, इतकंच बटर मऊ हवं. मे महिन्यात हे दुपारी जमणार नाही. पहाटे कर.

लावताना पहिला थर अगदी पातळ दे. तो दिसण्यासाठी नसतो, चुरा धरून ठेवण्यासाठी असतो. मग अर्धा तास फ्रिजमध्ये आणि त्यानंतर खरा थर. पॅलेट नाइफ एका जागी धर आणि टर्नटेबल फिरव. नवशिके सुरी फिरवतात, म्हणून कडेला लाटा उठतात.

पायपिंगचा सराव केकवर करायचाच नाही. स्टीलचं ताट पालथं घाल. डालडा आणि आयसिंग शुगर फेटून सरावाचं क्रीम कर. ते लवकर ढासळत नाही. ताटावर काढ, खरवड, परत पिशवीत भर. पिशवी अर्धीच भर आणि तोंड पिळून धर. उजव्या हाताने दाब द्यायचा, डाव्याने फक्त दिशा. पिशवी भरलेली असली की तळहाताच्या उबेने क्रीम पातळ होतं, म्हणून दोन पिशव्या कर, एक हातात आणि एक फ्रिजमध्ये. चांदणी आणि रोझेट काढताना पिशवी सरळ उभी, कडेची शिंपल्यांची माळ काढताना तिरकी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: उचलण्याआधी दाब थांबव. हे एक जमलं की प्रत्येक फुलाला येणारी शेपटी जाते. कोनाने मेंदी काढत असशील तर हे तुला लवकर जमेल.

गुलाबासाठी 104चं रुंद टोक खाली ठेव. आधी मधली कळी, मग तीन पाकळ्या, मग पाच, मग सात. कळी गिड्डी झाली तर वरचा सगळा पसारा कोबीसारखा दिसतो. पाकळ्यांना दोष देऊ नकोस.

रंग जेलचेच घे, पाण्यासारखे नकोत. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा घाल. बटरक्रीममध्ये रंग रात्रभरात गडद होतो, म्हणून हवा त्याहून एक छटा फिका ठेव. लालभडक करायच्या नादात क्रीम कडू होतं. गुलाबीवर भागव.

नाव देवनागरीत लिहिताना वर वेलांटी-मात्रांना जागा लागते, हे लिहायला बसल्यावर आठवतं. गार क्रीमवर आधी टूथपिकने नुसत्या खुणा कर. शिरोरेषा शेवटी ओढ. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहायचा हट्ट नको, त्यातली जोडाक्षरं बुजतात; नुसतं नाव छान दिसतं.

हल्ली भरगच्च झालरींचे जुन्या धाटणीचे केक परत आलेत. ती जोसेफ लँबेथ यांची पद्धत, त्यांचं पुस्तक 1934चं. ते बघून हुरळू नकोस, थरावर थर चढवायला आधीचा थर घट्ट बसलेला लागतो. एरवी अंड्याच्या पांढऱ्याने होणारं रॉयल आयसिंग तर आणखी पुढचं. पुण्याच्या केक कलाकार प्राची धबल देब यांनी अंडं न घालता त्याचं काय काय उभं केलंय ते जरूर बघ. पण बघ, लगेच करायला घेऊ नकोस.

केक न्यायचा असेल तर गाडीत मांडीवर घ्यायचा नाही, पायाशी सपाट ठेवायचा. आणि विकायचं मनात आलंच, तर घरातून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती आधी कर. तोवर मैत्रिणींच्या ऑर्डरी घेऊ नकोस, त्यांना खायला बोलाव.