घटक ४ : कानाने बातमी वाचताना

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने संगणकावरील बातम्या थोड्या वेळात कशा वाचाव्यात, हे आपणांस प्रत्यक्ष करून पाहता येईल. तसेच मराठी वाक्यरचना, सामान्यरूप आणि विरामचिन्हे यांचा अशा वाचनावर कोणता परिणाम होतो, हे सांगता येईल. ज्यांना दृष्टी आहे त्यांनी हा घटक आपल्यासाठी नाही असे समजू नये. उपयोजित मराठीच्या या अभ्यासक्रमातून उद्या आपल्यापैकी काही जण बातम्या लिहिणार आहेत आणि त्या कोणीतरी कानाने वाचणार आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपण वृत्तपत्र 'वाचतो' असे म्हणतो; प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते 'चाळतो'. पिठासाठी आणि वृत्तपत्रासाठी मराठीने एकच क्रियापद योजले आहे, ते अर्थपूर्ण आहे. डोळा पानावरून फिरतो, मोठ्या अक्षरांवर क्षणभर थबकतो, जाहिरात ओलांडतो, नको ते गाळतो आणि हवे तेथे उतरतो. हे सारे काही सेकंदांत घडते आणि आपण काय गाळले याची आपल्याला जाणीवही नसते. कानाला ही सोय नाही. कानाकडे मजकूर एका ओळीत, एकामागून एक येतो. म्हणून कानाने वाचणाऱ्याला गाळण्याचे काम जाणीवपूर्वक शिकावे लागते.

हा विषय मला एका विद्यार्थ्याने शिकवला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातून आमच्या अभ्यासकेंद्रावर येणारे हे गृहस्थ चाळिशीतले; धानाची शेती; तिशीनंतर दृष्टी गेलेली. घरी रोज वृत्तपत्र येई आणि पुतण्या ते वाचून दाखवी. मुलगा मायाळू, पण घाईतला. पाचसहा मथळे वाचून तो म्हणे, "काका, आज विशेष काही नाही." एका हंगामात धानविक्रीच्या ऑनलाइन नोंदणीची मुदत संपली असे समजून यांनी आपला धान व्यापाऱ्याला पडत्या भावाने देऊन टाकला. मुदत वाढल्याची बातमी आतल्या पानावर आली होती. पुतण्याच्या दृष्टीने ती 'विशेष' नव्हती. त्यानंतर ते स्वतः संगणक शिकू लागले. "माझ्यासाठी विशेष काय, ते मी ठरवीन," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

४.३ साधन आणि पहिली अडचण

पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. विंडोजमध्ये 'नॅरेटर' मुळातच असतो. 'जॉज' ही जुनी आणि विकत घ्यावी लागणारी प्रणाली आहे. या घटकातील कळा 'एनव्हीडीए' या प्रणालीच्या आहेत. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. तिच्या बहुतेक आज्ञा 'इन्सर्ट' ही कळ दाबून धरून द्यावयाच्या असतात.

आमच्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी एका वृत्तसंकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडले आणि इन्सर्टसह खालचा बाण दाबून 'सर्व वाच' ही आज्ञा दिली. संगणक बोलू लागला : लिंक मुख्यपान, लिंक महाराष्ट्र, लिंक देश, लिंक मनोरंजन, लिंक राशिभविष्य... बऱ्याच वेळाने पहिली बातमी आली, तीही एका चित्रपट अभिनेत्याच्या विवाहाची. ते म्हणाले, "सर, याच्यापेक्षा पुतण्या बरा."

४.४ पानाचा सांगाडा

वेबपानाला दिसणाऱ्या रूपाखाली एक सांगाडा असतो. मथळा कोणता, दुवा कोणता, मुख्य मजकूर कोठे सुरू होतो, याच्या खुणा त्यात केलेल्या असतात. डोळ्याला मथळा मोठ्या अक्षरांमुळे कळतो. स्क्रीन रीडरला तो या खुणेमुळे कळतो. 'एच' दाबताच पुढचा मथळा, शिफ्टसह 'एच' दाबताच मागचा. मथळ्यांना पातळ्या असतात आणि १ ते ६ या अंकांच्या कळांनी त्या त्या पातळीवर जाता येते. पुष्कळ वृत्तसंकेतस्थळांवर विभागांची नावे एका पातळीवर आणि बातम्यांचे मथळे तिच्या खालच्या पातळीवर असतात. आपल्या नेहमीच्या संकेतस्थळावर बातम्या कोणत्या पातळीवर आहेत हे एकदा शोधून लक्षात ठेवावे. मग रोज तोच अंक दाबत जावे. आमच्या विद्यार्थ्याच्या संकेतस्थळावर तो अंक ३ निघाला.

'डी' या कळेने पानाच्या एका मोठ्या भागातून दुसऱ्या भागात जाता येते. 'एन' ही कळ दुव्यांची रांग ओलांडून साध्या मजकुरावर आणते. बातमी उघडल्यावर 'एन' विशेष उपयोगी पडते. इन्सर्ट आणि 'एफ ७' एकत्र दाबल्यास पानावरील दुव्यांची किंवा मथळ्यांची यादी समोर येते. दुव्यांच्या यादीचा मात्र अनेकदा विरस होतो, कारण तेथे 'अधिक वाचा', 'अधिक वाचा', 'अधिक वाचा' एवढेच ऐकू येते. बातमी लिहिणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे : दुव्याचे शब्द संदर्भाशिवायही अर्थ सांगणारे हवेत.

आणखी एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. एनव्हीडीएच्या कळफलकविषयक मांडणीत, 'सर्व वाच' चालू असताना चाळत जाण्याची मुभा देणारा एक पर्याय आहे. तो निवडला की वाचन चालू असतानाच 'एच' किंवा बाण दाबून पुढे उडी घेता येते आणि वाचन न थांबता तेथून सुरू राहते. चाळणे या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारी सोय हीच, असे माझे मत आहे.

दोन ठिकाणी मात्र या कळांचा उपयोग होत नाही. पहिले, छापील पानांची छायाचित्रे दाखवणारा ई-पेपर : तेथे अक्षरे नसतात, अक्षरांचे चित्र असते. दुसरे, युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुना मजकूर : तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात आणि ती तशीच वाचली जातात.

४.५ फीड : पानावाचून बातमी

मुखपृष्ठाची सारी सजावट टाळून केवळ मथळे, थोडक्यात आशय, वेळ आणि दुवा एवढेच पाठवणारी एक जुनी पद्धत आहे. तिला 'आरएसएस फीड' म्हणतात. १९९९ मध्ये ती नेटस्केप कंपनीत जन्मली आणि २००२ मध्ये तिची आज रूढ असलेली २.० ही आवृत्ती आली. १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपला 'रीडर' बंद केला, तेव्हा अनेकांनी ही पद्धत संपल्याचे जाहीर करून टाकले. डोळस वाचकांपुरते ते काहीसे खरे ठरले असेल. कानाने वाचणाऱ्याला आजही याहून सोयीचे काही नाही. 'बीबीसी मराठी'सारख्या वृत्तसेवांचे फीड उपलब्ध आहेत. 'वर्डप्रेस' या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत 'फीड' लिहिले की बहुधा त्यांचे फीड मिळते.

'थंडरबर्ड' हा विनामूल्य ईमेल कार्यक्रम फीडही वाचतो. त्यात फीडचे खाते उघडून पत्ता नोंदवला की बातम्या पत्रांसारख्या यादीत येऊन बसतात. खालचा बाण एकदा दाबला की एक मथळा. नको असेल तर मथळा पुरता उच्चारला जाण्याआधीच पुढचा बाण दाबावा (हे केव्हा करू नये, ते पुढे सांगितले आहे). 'एन' ही कळ येथे पुढच्या न वाचलेल्या बातमीवर नेते. वाचलेली बातमी पुन्हा समोर येत नाही, हा लाभ लहान नव्हे. मुखपृष्ठावर कालचे मथळे आज पुन्हा ऐकण्यात वेळ जातो.

४.६ शोध आणि सामान्यरूप

आता भाषेकडे वळू. इन्सर्ट, कंट्रोल आणि 'एफ' एकत्र दाबल्यास पानावर शब्द शोधता येतो. इन्सर्ट आणि 'एफ ३' ने त्याचे पुढचे स्थान मिळते. आमच्या विद्यार्थ्याने साहजिकच 'धान' हा शब्द शोधला. संगणकाने त्यांना प्रथम 'पंतप्रधान' येथे नेले, मग 'विधानसभा' येथे, मग 'समाधान' येथे! संगणक शब्द शोधत नाही, अक्षरांची मालिका शोधतो. 'धान खरेदी', 'धानाच', 'धानाला' असे शोधल्यावर बातम्या सापडू लागल्या.

याच्या उलट अडचण सामान्यरूपाची. 'तालुका' हा शब्द शोधला तर 'तालुक्यात', 'तालुक्यातील' ही रूपे निसटतात, आणि बातमीत तर तीच अधिक असतात. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधावा : 'तालुक', 'रस्त'. 'शेतकरी' या शब्दाच्या बाबतीत आणखी मागे यावे लागते, कारण 'शेतकऱ्यांना' यातील ऱ्या संगणकाच्या लेखी साध्या 'र'पासून बनत नाही. 'शेतक' एवढेच शोधावे. 'पाऊस' आणि 'पावसाने' यांत तर सुरुवातीचा 'पा' एवढाच सलग भाग समान राहतो, तेव्हा 'पाऊस' आणि 'पावस' असे दोनदा शोधणे भाग आहे. नामाच्या विकाराचे जे तक्ते आपण व्याकरणाच्या घटकात पाठ केले, त्यांचा इतका रोकडा उपयोग मलाही पूर्वी सुचला नव्हता. 'गोंदिया' मात्र सोयीचे नाव आहे : गोंदियात, गोंदियाच्या, गोंदियाहून, मूळ शब्द अखंड राहतो.

४.७ वाक्याचा शेवट

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. पुढील वाक्य पाहा : 'नोंदणीची मुदत वाढवण्याचा प्रस्ताव शासनाने स्वीकारलेला नाही.' 'स्वीकारलेला' या शब्दावर ज्याने पुढचा बाण दाबला, तो उलटी बातमी घेऊन उठला. डोळ्याने चाळणाऱ्याच्या नजरेत वाक्याचा शेवट सहसा येऊन जातो. कानाला तो ऐकण्यापूर्वी मिळत नाही. यासाठी आम्ही एक नेम ठरवला. मथळ्याच्या पहिल्या दोनतीन शब्दांवरून विषयच आपला नाही असे कळले, तर मध्येच सोडावे. विषय आपला असेल, तर पूर्णविरामापर्यंत थांबावे, कितीही घाई असो. वेग वाढवायचा असेल तर आवाजाचा वाढवावा, वाक्याचा शेवट तोडून वाढवू नये.

वृत्तलेखकांसाठीही येथे धडा आहे. 'धान नोंदणीला मुदतवाढ नाही' हा मथळा कानाला लवकर पोचतो. ज्या मथळ्यात विशेषणांची माळ आधी आणि मुद्दा शेवटी, तो ऐकणाऱ्याचा वेळ खातो.

अवतरणचिन्हांचाही असाच प्रश्न आहे. 'खरेदी केंद्रावर गैरव्यवहार' हे शब्द अवतरणात असतील, तर तो कोणाचा तरी आरोप असतो. अवतरण नसेल, तर ते वृत्तपत्राचे स्वतःचे विधान ठरते. चिन्हवाचनाची पातळी कमी असताना ही चिन्हे उच्चारली जात नाहीत आणि आरोप वस्तुस्थितीसारखा ऐकू येतो. इन्सर्ट आणि 'पी' दाबून ही पातळी वाढवता येते, पण मग स्वल्पविरामांचाही भडिमार होतो. मी मथळे वाचताना पातळी वाढवावी आणि बातमी वाचताना उतरवावी असे सुचवतो. आमच्या विद्यार्थ्याला ते कटकटीचे वाटते. वादग्रस्त बातमी असेल तेव्हाच ते पातळी वाढवतात.

४.८ आवाजाचे उच्चार

एनव्हीडीएसोबत येणाऱ्या 'ईस्पीक' या आवाजात मराठीची सोय आहे. त्याचा स्वर यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी तो स्पष्ट राहतो. काही जण विंडोजमधील हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेतात. तो कानाला गोड लागतो. मात्र 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' होतो आणि 'चार' व 'चारा' यांतील 'च'चा भेद नाहीसा होतो. आपल्या जिल्ह्यात हिंदी रोज कानावर पडते आणि झाडीबोलीचे 'ण' व 'ळ' यांच्याशी नातेही जरा सैलच आहे, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना हे फारसे खटकत नाही. मला खटकते, पण वाचणारे ते आहेत.

संक्षेपांमागील टिंबाला आवाज पूर्णविराम समजतो आणि 'जि. प.' येथे दोनदा अडखळतो. यावर उपाय म्हणून प्रणालीत उच्चारकोश असतो, 'जि.प.' ऐवजी 'जिल्हा परिषद', 'ग्रा.पं.' ऐवजी 'ग्रामपंचायत' अशा नोंदी त्यात करता येतात. बातमीत टिंबानंतर जागा सोडलेली असेल, तर तशी दुसरी नोंद करावी. उत्साहाच्या भरात आम्ही 'ता.' ऐवजी 'तालुका' अशीही नोंद केली. त्या संध्याकाळी प्रत्येक 'होता.' चा 'होतालुका' होऊ लागला. ती नोंद काढून टाकली.

४.९ स्वाध्याय

आपल्या नेहमीच्या वृत्तसंकेतस्थळावर बातम्यांचे मथळे कोणत्या पातळीवर आहेत ते शोधा आणि केवळ अंकाच्या कळेने दहा मथळे ऐका. दृष्टी असलेल्यांनी पडदा बंद करून हाच प्रयोग करावा आणि तिसऱ्या मथळ्यानंतर काय आठवते ते लिहावे. त्यांतील कोणत्या मथळ्यांचा अर्थ शेवटच्या शब्दाने पालटला, त्यांची नोंद करा व त्यांपैकी दोन मथळे कानासाठी नव्याने लिहा. 'पाणी', 'धरण', 'रुग्ण', 'विहीर', 'दिवा' या शब्दांची सामान्यरूपे लिहून, प्रत्येकाचा शोध घेताना कोणती अक्षरे टंकावीत ते ठरवा. 'विहीर' या शब्दाकडे अधिक लक्ष द्या. उत्तरे अभ्यासकेंद्रावरील पुढच्या संपर्कसत्रात आणावीत. ध्वनिमुद्रित उत्तरेही चालतील.