कोयता घेताना आधी मूठ बघा

बाजारात कोयता हातात घेतला की माणूस पहिल्यांदा धारेवरून अंगठा फिरवतो. धार काय, चार वेळा कानस मारली की कुठल्याही पट्टीला येते. बघायची असते ती मूठ, आणि मुठीच्या आत काय दडलंय ते.

वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे. एका वर्षी लागणीसाठी बेणं तोडत होतो. चुलत भावाने आदल्याच बाजारातून आणलेला नवाकोरा कोयता चालवायला घेतला आणि दुपारच्या आत त्याचं पातं निसटून शेजारच्या सरीत वाकलेल्या गड्याच्या नडगीत बसलं. मूठ भावाच्या हातातच राहिली. टॉवेल घट्ट दाबून धरला, गड्याला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि दवाखाना गाठला. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, ऐन हंगामात त्याचा रोज बुडाला तो वेगळाच. विकणाऱ्याकडे जाब विचारायला गेलो तर म्हणतो, "दादा, तुम्ही जोरात मारला असणार." ऊस हळू कसा तोडतात ते काही त्याने सांगितलं नाही.

घरी येऊन ती मूठ फोडली. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी बोटाच्या दोन पेरांएवढी, तीसुद्धा मागून वेल्डिंग करून जोडलेली, आणि भोवती लाखेसारखं काहीतरी ओतलेलं. मागच्या टोकाला पितळी टोपी होती, ती निव्वळ शोभेची. टोपी असली की गिऱ्हाइकाला वाटतं, शेपटी आरपार आलेली असणार. चांगल्या कोयत्यात पातं आणि शेपटी एकाच तुकड्यातून घडवलेली असते. शेपटी मुठीतून पार पलीकडे निघते आणि तिचं टोक ठोकून वळवलेलं असतं. ते वळवलेलं टोक डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर कोयता खाली ठेवा, दुकानदार काहीही सांगो. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवं, नाहीतर उन्हाळ्यात लाकूड आक्रसून चिरतं. लाकूड बाभळीचं असेल तर उत्तम. रंग फासलेली मूठ मी तरी घेणार नाही. रंगाखाली गाठ आहे की भेग, काही कळत नाही.

आता पोलाद. आमच्याकडचे लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांतून कोयते घडवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पाट्याच्या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, त्यामुळे त्याला पाणी धरतं. साध्या लोखंडी पट्टीत कर्ब इतका कमी, की तिला कितीही पाणी द्या, ती मऊ ती मऊच. पॉलिश केल्यावर मात्र दोन्ही सारख्याच चमकतात.

पाणी देणं ही काय चीज आहे ते एकदा तरी भात्याशेजारी बसून बघावं. गावात घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं की मी जाऊन बसतो. बाई घण मारते, म्हातारा सांडशीत पातं फिरवत राहतो. घडण पुरी झाली की पातं पुन्हा लालबुंद तापवतो आणि फक्त धारेकडची कड जळक्या ऑइलमध्ये बुडवतो. पाट्याचं पोलाद थेट पाण्यात घातलं तर तडकण्याची भीती, म्हणून ऑइल. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने कड घासून चकचकीत करतो आणि नुसता बघत बसतो. पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे उतरायला लागते. घासलेल्या जागेवर आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेशी तपकिरी झाक आली रे आली की पातं परत ऑइलमध्ये. घाई केली तर धारेचे कपचे उडतात, उशीर झाला तर धार दोन मोळ्यांतच वळते. सगळी कारागिरी त्या दोन-चार क्षणांत आहे.

दुकानात हे दिसत नाही, पण पारख करता येते. खिशात छोटी कानस ठेवा आणि धारेच्या कोपऱ्यावर हलकेच ओढा. ती घसरत गेली तर पाणी आहे. बसकन रुतली तर नाही. मूठ सैल धरून पात्यावर नाणं वाजवा. आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आला तर चीर आहे किंवा मूठ ढिली आहे. आणि ग्राइंडरवर ठिणग्या उडवत धार लावून देणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. धार निळी पडली म्हणजे दिलेलं पाणी गेलं. घरी दगडावर पाणी टाकत पाजवलेली धारच टिकते.

आपल्या भागाला लोखंडाची पारख नव्याने शिकवायची गरज नाही खरं तर. औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असं तेव्हाचे शेतकरी म्हणत, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर विकले जाता जात नव्हते. तो संशय खुळा होता, मान्य. पण आज चकाकणारी कुठलीही वस्तू डोळे झाकून घेणाऱ्यांना त्यातला थोडा उसना द्यावासा वाटतो.

वाईट कोयत्याचं नुकसान रक्त निघालं तरच होतं असंही नाही. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. साखर बुडख्याकडे जास्त आणि खोडव्याचे फुटवेही खालच्या डोळ्यांतून जोमदार येतात. कोयता बोथट असला की तोडणारा नकळत वर मारतो, बुडखा फाटतो, आणि खोडवा विरळ झाला की आपण खताला दोष देत बसतो.

हल्ली पाटण, शिराळ्याकडे फिरायला जाणारी पोरं मोबाईलवर बघून 'हंटिंग नाइफ' मागवतात. बाबांनो, शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि कोयना अभयारण्यात किंवा चांदोलीत परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच गुन्हा. त्या कायद्यातल्या हत्यारांच्या यादीत सुरीसुद्धा आहे. शेतीच्या अवजाराला शस्त्र कायद्यात सूट आहे, ती शेतीच्या कामापुरती. रात्री डिकीत कोयता सापडला तर ती सूट पोलीस ठाण्यात बसून समजावून सांगावी लागते. शेतातून येताना तो पोत्यात गुंडाळून, अवजारांसोबतच आणा.

कोयता घ्यायचाच असेल तर दसऱ्याआधी लोहाराकडे जा. पाटा स्वतः निवडा, मूठ आपल्या हाताच्या मापाने बसवून घ्या आणि पाणी देताना समोर उभे राहा. एकदा कारखान्यांचं गाळप सुरू झालं की त्याच्याकडे शेवटायला आलेल्या विळ्या-कोयत्यांचा ढीग पडतो, आणि मग तुमचं काम घाईत उरकलं जातं.