दवाखान्यासाठी कर्ज काढण्याआधी चार प्रश्न



आपल्या गटाची कर्जाची वही उघडा आणि कारणाचा रकाना वाचा. खत-बियाणं, शेळी, शाळेची फी आणि मध्ये मध्ये 'आजारपण'. शेळीचं कर्ज शेळी फेडते. आजारपणाचं कर्ज मात्र घरातल्या बाईला मजुरी करून फेडावं लागतं. समजा, ६०,००० रुपये महिना २ टक्क्यांनी घेतले, तर नुसतं व्याजच पहिल्या महिन्याला १,२०० रुपये होतं. सावकाराकडे गेलं तर विचारूच नका.

आपल्या पनवेल, उरण, कर्जत, खालापूरकडे 'पेशंटला शहरात हलवा' म्हटलं की गाडी नवी मुंबईकडे वळते. तिथे दवाखाने भरपूर आहेत, पण सगळे एका जातीचे नाहीत. म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी गटाने हे चार प्रश्न विचारायचे.

१. हे उपचार जवळच्या सरकारी रुग्णालयात होतील का?
प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, पनवेल आणि कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय ही राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालयं. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा मोफत होतं. नवी मुंबईत गेलातच तर महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला आहेत.

२. आजार योजनेत बसतो का?
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. आजार योजनेच्या यादीत असायला हवा, आणि रुग्णालयही यादीतलं हवं. यादी बदलत असते, म्हणून निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून विचारा. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच दिवशी 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते शोधा. बिल हातात पडल्यावर आठवण झाली तर फार उशीर होतो.

३. हे धर्मादाय रुग्णालय आहे का?
ट्रस्टच्या मोठमोठ्या रुग्णालयांकडे बघून आपण आधीच घाबरतो. पण धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा आणि न लाजता विचारा. हा आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.

४. या आजारासाठी खास जागा आहे का?
कॅन्सरसाठी खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे. छातीत गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाऊ लागलं, तर अंगावर काढू नका. अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणीत मुलाच्या हृदयाला छिद्र निघालं, तर खारघरलाच श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात. तिथे पैसे भरायची खिडकीच नाही.

आता महत्त्वाचं. जीव धोक्यात असेल तर प्रश्न विचारत बसू नका, आधी १०८ ला फोन करा. ही ॲम्ब्युलन्स मोफत आहे. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. अपघाताच्या वेळी पोलिसांचे कागद होईपर्यंत डॉक्टरांनी थांबायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. योजनेतही तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, कागद मागून देता येतात.

याचा अर्थ आजारपणाला कर्ज द्यायचंच नाही, असा नाही. जाण्यायेण्याचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी याला पैसे लागतातच. भरती न होता लिहून दिलेली औषधं योजनेत येत नाहीत, त्यालाही लागतात. पण त्यासाठी पाच-सात हजार पुरत असतील, तर साठ हजारांचं ओझं कशाला?

पुढच्या बैठकीत एवढं करा:
• प्रत्येकीने रेशनकार्ड आणि आधारकार्ड आणायचं. सगळ्यांची नावं आहेत का, स्पेलिंग जुळतं का, ते बघायचं. बऱ्याच घरांत सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं आणि नातवाचं कुठेच नसतं. आजारपण आलं की नेमकं तिथेच अडतं.
• १०८, १०२ आणि १५५३८८ हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचे.
• आशाताईंना बैठकीला बोलवायचं. आपल्या गावातून कुठल्या रुग्णालयात चिठ्ठी देतात, ते त्यांच्याकडून समजून घ्यायचं.
• ज्यांनी मागच्या वर्षी आजारपणासाठी कर्ज घेतलं, त्यांनी तेव्हा काय झालं ते सांगायचं. या चारपैकी कुठला प्रश्न विचारला असता तर पैसे वाचले असते, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं.

बैठकीत काय निघालं ते इतिवृत्तात नक्की लिहा. पुढच्या भेटीत आपण ते एकत्र वाचू.

तुमची क्षेत्र समन्वयक