हाताचे काम आणि शिक्षकाची तयारी

शाळेच्या वेळापत्रकात सुतारकाम, बागकाम किंवा शिवणकाम यांचा तास दिसला की, “हे तर घरीही होते, त्याकरिता शाळा कशास हवी?” असा प्रश्न पुष्कळ पालक करितात. प्रश्न गैर नाही. मात्र त्याचे उत्तर नुसत्या विषयाच्या नावावरून देता येत नाही. तो विषय कोण शिकवितो, कसा शिकवितो व कोणत्या हेतूने शिकवितो, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यांच्या शाळांचा इतिहास या बाबतीत फार बोधप्रद आहे.

त्या देशातील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेविलेल्या असत व सरकारी पैशाचा फारच थोडा वाटा त्यांस मिळे. एकच खोली, एकच शिक्षक आणि सर्व इयत्ता एकत्र, अशी खेड्यातील शाळेची सर्वसाधारण स्थिती होती. व्हर्जिनियातील हॅम्प्टन (स्थापना १८६८) व अलाबामातील टस्कीगी (स्थापना १८८१) या संस्थांतून शिक्षक तयार होत असत. परंतु दूरच्या खेड्यातील गरीब शिक्षकास नोकरी सोडून तेथवर जाणे कोठून साधणार? शिक्षक विद्यालयाकडे येऊ शकत नसेल, तर शिक्षणानेच त्याच्या दाराशी जावे, हाच मार्ग उरला होता.

१९०७ साली फिलाडेल्फिया येथील ॲना जीन्स नावाच्या क्वेकर पंथीय वृद्ध स्त्रीने खेड्यांतील अशा शाळांकरिता दहा लाख डॉलर दिले. दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, व्हर्जिनियातील हेन्रायको परगण्यात व्हर्जिनिया रँडॉल्फ या बाईंची पहिली ‘जीन्स शिक्षिका’ म्हणून नेमणूक झाली. त्यांचे आईबाप एके काळी गुलामगिरीत होते. बाईंनी स्वतः एका खोलीच्या शाळेत अनेक वर्षे शिकविले होते. त्या शाळेस त्यांनी चुना दिला, आवार नीट केले, झाडे लाविली आणि वाचन-गणिताबरोबर शिवण, स्वयंपाक व विणकामही चालू केले. मुलांना पुस्तके शिकण्यास पाठविले आहे, कामास नव्हे, असे म्हणून काही पालकांनी प्रथम विरोध केला. बाई घरोघर गेल्या, पालकांशी बोलल्या आणि हळूहळू तेच पालक शाळेच्या कामी हातभार लावू लागले.

आता त्या परगण्यातील साऱ्या कृष्णवर्णीय शाळांत फिरू लागल्या. प्रत्येक शाळेत जाऊन त्या तेथील शिक्षकासमोर पाठ घेत, मग त्याच्याकडून तो करवून घेत. सर्व शाळांस एकच साचा त्यांनी लाविला नाही. जेथे जे मिळे, त्यातून काम निघे: कोठे रानवेलींच्या टोपल्या, तर कोठे मक्याच्या कणसांच्या सालपटांची पायपुसणी. त्यांचा पहिला वार्षिक अहवाल दक्षिणेत सर्वत्र धाडण्यात आला व इतर राज्यांतही अशा फिरत्या शिक्षिका नेमिल्या गेल्या. १९२५ साली केनियातील कबेटे येथे याच धर्तीवर शिक्षकांची शाळा निघाली. अमेरिकेतील ही योजना १९६८ पर्यंत चालली.

हाताच्या कामास शिकलेला शिक्षक कशासाठी लागतो, हे एका साध्या उदाहरणाने पाहू. बारा फूट लांब व चार फूट रुंद असा वाफा आहे. एकेक फुटावर रोपे लावावयाची आहेत. किती रोपे लागतील? पाटीवर मुलगा अठ्ठेचाळीस म्हणेल. परंतु अगदी कडेपासून लावणी केली, तर लांबीत तेरा व रुंदीत पाच, म्हणजे पासष्ट रोपे बसतात! कडेपासून अर्धा फूट आत लावली, तरच अठ्ठेचाळीस. हा भेद वाफ्यावर उभे राहिल्याखेरीज ध्यानी येत नाही. जाणता शिक्षक तेथे मुलांस थांबवून विचार करावयास लावितो. अजाण शिक्षक नुसते पाणी घालावयास सांगतो. पहिले शिक्षण होय, दुसरी निव्वळ मजुरी.

या शिक्षणावर एक गंभीर आक्षेपही होता. विद्वान लेखक ड्युबॉइस यांनी १९०३ साली असे प्रतिपादिले की, कृष्णवर्णीयांस केवळ हातकामाचेच शिक्षण देऊन उच्च विद्येची वाट बंद ठेविली, तर ती उन्नती नव्हे. श्रमास त्यांनी तुच्छ लेखिले नाही. त्यांचा विरोध कुंपणास होता. हा आक्षेप रास्त होता. गरिबाच्या मुलास रंधा व श्रीमंताच्या मुलास ग्रंथ, अशी वाटणी झाली की उद्योगशिक्षण ही बेडी होते.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत शेतीचे सामान्य ज्ञान द्यावे असे सुचविले. आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास न लाजणारे, शिकून तयार झालेले शिक्षक मागितले. त्याच वेळी बहुजनांच्या मुलांस वरच्या शिक्षणाची वाट मोकळी असावी, हाही त्यांचा आग्रह होता. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगास शिक्षणाचे केंद्र करण्याचा विचार मांडला गेला.

तेव्हा पालकहो, आपले मूल शाळेतून एखादी टोपली अथवा पेटी करून घरी आणील, तेव्हा ती किती सुबक आहे एवढेच पाहू नका. “ही करताना काय मोजलेस? कोठे चुकले? का चुकले?” असे त्यास विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत, तर स्वतःच स्वतःस विचारा. उत्तर देता आले, तर त्या तासात तुमच्या हातांबरोबर बुद्धीनेही काम केले, असे समजावे.