तपासणीचे दरपत्रक कसे वाचावे

जुन्या व्यापारी इमारतीची संरचनात्मक तपासणी, जिला आता सर्वत्र स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, करून घेण्याची वेळ आली म्हणजे गाळेधारकांच्या सभेत पहिला, आणि बहुधा शेवटचाही, प्रश्न विचारला जातो तो ‘चौरस फुटाला काय दर?’ हा. मध्य मुंबईतील तळमजला अधिक चार मजल्यांच्या, १९७० नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या गाळेधारक संस्थेचा चिटणीस या नात्याने मला जे पाहावे लागले आणि ज्याचा हिशेब सभासदांपुढे मांडावा लागला, त्यावरून माझे असे निश्चित मत झाले आहे की, दराचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याच्या आधी काय तपासणार, कोठे तपासणार, किती ठिकाणी तपासणार आणि जे झाकलेले आहे ते कोण उघडणार, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ही उत्तरे ज्या दरपत्रकात नाहीत, त्यातील आकडा लहान असो की मोठा, तो कशाची किंमत आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे इमारतीला तीस वर्षे पूर्ण झाली की पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना-अभियंत्याकडून तिची तपासणी करून घेऊन स्थैर्याचा दाखला पालिकेत रुजू करणे मालकावर अथवा भोगवटादारावर बंधनकारक आहे, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी, किंवा आयुक्तांनी ठरवल्यास त्याआधीही, हा क्रम पुन्हा करावा लागतो. कायद्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु सभासदांच्या मनात तो पुष्कळदा ‘दाखला मिळवणे’ एवढ्याच अर्थाने उतरतो, आणि ज्याला केवळ दाखला हवा आहे त्याला दाखला स्वस्तात देणारेही भेटतात.

आमच्या संस्थेचा कारभार माझ्याकडे आला तेव्हा दफ्तरात पूर्वीच्या तपासणीचा अहवाल व्यवस्थित बांधून ठेवलेला होता. त्या वेळच्या कार्यकारिणीपुढे आलेल्या दरपत्रकांपैकी सर्वांत कमी अठ्ठावीस हजारांचे होते, सर्वांत अधिक एक लाख साठ हजारांचे. इतिवृत्तात ‘सर्वांत कमी दर मंजूर’ एवढीच नोंद आहे, आणि दोहोंमध्ये एवढे अंतर का पडावे याची चर्चा झाल्याचे कोठेही दिसत नाही. अहवाल चाळला असता असे आढळले की त्यातील निम्मी पाने छायाचित्रांची होती, चाचणी म्हणून रिबाउंड हॅमरचीच तेवढी मोजमापे होती, आणि ती सारी जिना, व्हरांडा व गच्चीवरील टाकीचे खांब येथे घेतलेली होती. एकाही गाळ्याच्या आतील खांबाला कोणी हात लावलेला नव्हता. निष्कर्ष मात्र संपूर्ण इमारतीविषयी काढलेला होता: वर्ग सी-३, म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी.

पुढे एका पावसाळ्यानंतर तळमजल्यावरील कागदाच्या व्यापाऱ्याने कुबट वासाला कंटाळून मागच्या भिंतीलगतचे प्लायवूडचे आवरण काढवले, तेव्हा सुताराने मला तातडीने खाली बोलावले. आवरणाच्या आत खांबाच्या तळाशी काँक्रीटचे ढलपे पडून साचले होते. उभ्या सळया गंजून फुगल्या होत्या, त्यांवर बोट घासले तर गंजाचे पदर पापुद्र्यासारखे सुटत होते, आणि सळयांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या रिंगांपैकी दोन तर मधोमध तुटलेल्या होत्या. त्या खांबाच्या नेमके वर पहिल्या मजल्याचे स्वच्छतागृह आहे. तेथील गळती किती वर्षे खांबातून झिरपत होती कोण जाणे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तेथे चकचकीत सनमायका आणि दुकानाच्या दिनदर्शिकेचे पान एवढेच दिसत होते. संस्थेने तातडीने टेकू लावले, माल हलवला आणि नव्याने तपासणीची तजवीज केली.

ज्या हॅमरवर पहिला अहवाल विसंबला होता त्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण खर्चाचे सारे मर्म त्यातच आहे. हे उपकरण पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते आणि त्यावरून आतल्या ताकदीचा अंदाज बांधला जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरला म्हणजे पृष्ठभाग अधिक कठीण होतो, परंतु त्याच क्रियेने काँक्रीटची क्षारधर्मी प्रकृती नष्ट होऊन सळईचे गंजापासून असलेले संरक्षण निघून जाते. म्हणजे ज्या कारणाने सळई धोक्यात येते, त्याच कारणाने हॅमरचा आकडा वाढतो. या चाचणीच्या २०२० पर्यंतच्या भारतीय मानकातच, आयएस १३३११ च्या दुसऱ्या भागात, असा स्पष्ट इशारा होता की अशा जुन्या काँक्रीटमध्ये ताकदीचा अंदाज टोकाच्या प्रसंगी पन्नास टक्क्यांपर्यंत वाढीव येऊ शकतो. ही चाचणी स्वस्त, झटपट आणि उपयुक्त आहे, परंतु इतर चाचण्यांच्या संगतीत. एकटीच्या आधारावर जुन्या इमारतीला निर्धोक म्हणणे हे त्या मानकालाही मान्य नव्हते.

दुसऱ्या तपासणीत काय झाले ते मी समोर उभा राहून पाहिले. खांबांच्या आरपार ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजला गेला; हा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असला तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली गेला तर संशयास्पद, असा त्या जुन्या मानकाचा दंडक होता, आणि आमचे मागच्या बाजूचे बहुतेक खांब तीनच्या आसपास रेंगाळत होते. सळयांतील गंजाचा संभव हाफ सेल चाचणीने पाहिला गेला. निवडक ठिकाणी यंत्राने भोक पाडून काँक्रीटचे दंडगोल, ज्यांना कोअर म्हणतात, काढण्यात आले, आणि ताज्या कापावर अभियंत्याने फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला. बाहेरचा, सुमारे दीड इंचाचा थर मात्र राखाडी तो राखाडीच राहिला. गुलाबी तेथवर क्षारधर्म शाबूत, रंगहीन तेथवर तो गेलेला. आणि आमच्या सळया त्या रंगहीन थरात होत्या. समोर उभ्या असलेल्या सभासदांना एवढे पाहिल्यावर दुसरे काही समजावून सांगावे लागले नाही. इमारत सी-२-ब वर्गात आली, म्हणजे रिकामी करण्याची गरज नाही, परंतु संरचनात्मक दुरुस्ती अनिवार्य.

या चाचण्यांना पैसे लागतात. प्रत्येक कोअरमागे यंत्र, माणसे, प्रयोगशाळेचे शुल्क आणि पाडलेले भोक योग्य मसाल्याने बुजवण्याचा खर्च असतो. म्हणून दरपत्रकात ‘आवश्यक त्या चाचण्या’ असे मोघम शब्द न स्वीकारता कोणती चाचणी किती ठिकाणी, कोणत्या मजल्यावर, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक लागल्यास प्रत्येकी काय दराने, हे लिहवून घ्यावे. अठ्ठावीस हजार आणि एक लाख साठ हजार यांतील अंतर नेमके येथेच होते. महाग दरपत्रक मी पुढे काढून वाचले, तेव्हा त्यात गाळ्यांच्या आतील खांबांची संख्या, कोअरची संख्या आणि आवरणे उघडण्याची अट ही तिन्ही नमूद होती. ते स्वीकारले गेले असते तर तो खांब काही वर्षे आधी सापडला असता, आणि दुरुस्तीचा जो बोजा पुढे सभासदांवर पडला तो पुष्कळ हलका झाला असता, हे मी आमच्या दुरुस्तीच्या बिलांवरून सांगतो.

याखेरीज काही खर्च असे असतात की ते अभियंत्याच्या दरपत्रकात कधीच नसतात, पण संस्थेला चुकत नाहीत. इमारतीचे मूळ संरचना-नकाशे उपलब्ध नसतील, आणि जुन्या इमारतींचे ते क्वचितच असतात, तर प्रत्येक खांब-तुळईची मोजणी करून नवे नकाशे तयार करावे लागतात. हे काम तपासणीइतकेच खर्चाचे ठरू शकते, म्हणून आधी विकासकाकडे, वास्तुविशारदाकडे आणि पालिकेच्या दफ्तरात अर्ज करून जे मिळेल ते मिळवावे. फॉल्स सीलिंग आणि लाकडी आवरणे उघडून पुन्हा बसवण्याचा खर्च संस्थेने सोसावा की गाळेधारकाने, याचा ठराव तपासणीपूर्वी झाला पाहिजे. तो न झाल्यास ज्याची सजावट सर्वांत भारी, तोच गाळा तपासणीवाचून राहतो. दुकाने बंद ठेवण्याचे नुकसान हाही खर्चच आहे, म्हणून साप्ताहिक सुटीच्या दिवशी काम करण्याची अट घालावी. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. दर त्यासह आहे की त्याखेरीज, हे विचारण्यास संकोच करू नये.

एका गोष्टीविषयी मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. काही सल्लागार तपासणी नाममात्र दरात, प्रसंगी विनामूल्यही, करून देण्यास तयार असतात, मात्र पुढील दुरुस्तीचे अंदाजपत्रक व देखरेख त्यांच्याकडेच राहावी आणि त्याचे शुल्क दुरुस्तीच्या एकूण खर्चावर शेकडेवारीने मिळावे, अशी त्यांची अपेक्षा असते. ज्याचे उत्पन्न दुरुस्तीच्या आकड्याबरोबर वाढते त्याने दुरुस्ती किती हवी हे ठरवावे, ही व्यवस्था प्रामाणिक माणसालाही मोहात पाडणारी आहे. तपासणीची नेमणूक वेगळी, दुरुस्तीची वेगळी, असा ठरावच संस्थेने करावा. तसेच अहवालावर ज्या अभियंत्याची सही येणार आहे तो स्वतः इमारतीत येणार की केवळ साहाय्यकांना पाठवणार, त्याची पालिकेकडील नोंदणी चालू मुदतीची आहे की नाही, आणि शुल्काचा शेवटचा हप्ता त्याने सर्वसाधारण सभेत येऊन सभासदांच्या शंकांचे निरसन केल्यावरच दिला जाईल की नाही, हे करारात यावे.

स्ट्रक्चरल ऑडिट झाले म्हणजे सर्व तपासण्या आटोपल्या, हा समजही दूर व्हावयास हवा. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून प्रतिवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत नमुना ‘ब’ मधील प्रमाणपत्र द्यावे लागते. उद्वाहनाची आणि विद्युत् यंत्रणेची तपासणी त्याहून निराळी. अंदाजपत्रकात प्रत्येकाची स्वतंत्र तरतूद ठेवावी.

व्यापारी इमारतीच्या तपासणीत राहत्या इमारतीहून एक अंग अधिक असते, ते भाराचे. भारतीय मानकाप्रमाणे किरकोळ विक्रीच्या दुकानाच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भार धरतात, गोदामाच्या जमिनीवर किमान सुमारे ७५०. दुकान म्हणून बांधलेल्या गाळ्यात छतापर्यंत कागदाची रिमे रचली, वर पोटमाळा घातला, वातानुकूलन यंत्रासाठी तुळईला भोके पाडली, की आराखड्यातील हिशेब कागदावरच राहतो. म्हणून प्रत्येक गाळ्याचा प्रत्यक्ष वापर आणि त्यातील फेरफार यांची नोंद तपासणीच्या कक्षेत आणावी, जरी तिने दर थोडा वाढला तरी. घाटकोपरची साईसिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांकडे बोट दाखवले गेले. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जण मृत्यू पावले, तेव्हाही तळमजल्यावरील व्यापारी जागेतील कामाची चर्चा झाली. दोन्ही ठिकाणी वरच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती.

आमच्या सभेत वरच्या मजल्यावरील कार्यालयांनी असा आक्षेप घेतला की खराबी तळमजल्याची, मग वर्गणी आम्ही का द्यावी. तळमजल्याचा खांब चारही मजल्यांचा भार घेऊन उभा आहे, आणि त्याला ओल लागली ती वरच्याच स्वच्छतागृहाची, हे नकाशावर दाखवल्यानंतर खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटण्याचा ठराव मंजूर झाला. दोन अहवालांत तफावत पडून सभासदांत तट पडले असते, तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाण्याचा मार्ग होता. आमच्याकडे ती वेळ आली नाही.

नव्या अहवालाबरोबर आम्ही चाचण्यांच्या जागा दाखवणारे मजलानिहाय नकाशे, मूळ मोजमापे आणि आवरणे उघडलेल्या स्थितीतील छायाचित्रे संस्थेच्या मालकीची म्हणून करारातच मागून घेतली होती. गाळा विकताना खरेदीदाराला त्यांची प्रत पाहावयास देण्याचा आणि कोणत्याही गाळ्यात नवे आवरण घालण्यापूर्वी खांबाच्या तळाशी उघडता येईल अशी झडप ठेवण्याचा ठराव आम्ही त्याच सभेत संमत केला. पुढील तपासणीच्या वेळी नव्याने मोजणी करण्याचा खर्च त्यामुळे वाचेल, आणि सुतारालाही बोलवावे लागणार नाही.